हिले सीटच नाही बापा! फोर-स्ट्रोक ट्रायल्स गाडी घेण्याआधी

पहिल्यांदा ही गाडी पिकअपमधून वावरात उतरवली, तेव्हा शेजारचे काका पऱ्हाटी उपटणं सोडून धुऱ्यावर येऊन उभे राहिले. गाडीभोवती एक चक्कर मारली, वाकून खालून पाहिलं आणि म्हणाले, "हिले सीटच नाही बापा! बसतं कुठं?"

"काका, हिच्यावर बसतच नाहीत. उभ्यानं चालवा लागते."

"मंग एवढे पैसे कायचे देल्ले?"

तेव्हा मला याचं धड उत्तर देता आलं नव्हतं. तीन वर्षं, दोनदा मुरगळलेला घोटा आणि एकदा उघडलेलं इंजिन एवढं झाल्यावर आता थोडंफार देता येतं. मोबाइलवर कुणीतरी घराएवढ्या दगडावर मोटरसायकल चढवताना पाहून ज्यांच्या डोक्यात किडा शिरलाय आणि ज्यांच्या गावाला लागून एखादा कोरडा नाला आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी वरूड-मोर्शीकडचा, सातपुड्याच्या पायथ्याचा. म्हणून उदाहरणं इकडचीच येतील.

पायरी पहिली: ही गाडी कशासाठी नाही, ते समजून घ्या

ट्रायल्स म्हणजे शर्यत नव्हे. दगड, उतार, अडचणीचं वळण, ओली घळ असा वीस-तीस पावलांचा एक अवघड तुकडा आखतात. त्याला सेक्शन म्हणतात. तो पाय न टेकवता पार करायचा. पाय एकदा टेकला तर एक गुण, दोनदा टेकला तर दोन, त्यापुढे कितीही वेळा टेकला तरी तीन. पडलात किंवा हद्दीबाहेर गेलात तर पाच. ज्याचे गुण सगळ्यात कमी, तो जिंकला. कमी गुणांचा एवढा मान आमच्या शाळेत असता तर मी गावात पहिला आलो असतो. वेग म्हणाल तर बहुतेक वेळा माणसाच्या चालण्याएवढा. स्कॉटलंडमध्ये हाच खेळ सलग सहा दिवस चालतो, ती स्पर्धा १९०९ पासूनची.

म्हणून ही गाडी तशी घडवलेली असते. टाकी दोन-तीन लिटरची. सीट नाही, बहुतेकींना कामाचा दिवाही नाही. वजन स्प्लेंडरपेक्षा तीस-चाळीस किलो कमी. जमिनीपासून इंजिनाच्या खालच्या पत्र्यापर्यंत फूटभर मोकळी जागा. दुधाची कॅन, खताची पिशवी, बायको, पोरगं, यातलं काहीच हिच्यावर नेता येत नाही. नागपूरच्या शोरूमच्या रांगेत ती दिसणार नाही आणि बाहेरून आणलेलीला आरटीओची पाटी मिळण्याची आशा धरू नका. पाटी नाही म्हणजे सार्वजनिक जागी चालवता येत नाही. पांदण रस्ता हीसुद्धा सार्वजनिक जागाच. घरून नाल्यापर्यंत फक्त अर्धा किलोमीटर आहे, हे तिथं चालत नाही. गाडी पिकअपमध्ये किंवा ट्रॉलीत टाकून न्यावी लागते. हा खर्च आणि ही कटकट कायमची आहे, तेव्हा किमतीच्या हिशेबात तीही धरा.

पायरी दुसरी: आधी जागा, मग गाडी

पश्चिम विदर्भात आपण नशीबवान. अमरावती, यवतमाळ, अकोला, बुलडाणा या पट्ट्यात काळ्या मातीखाली बेसाल्ट आहे आणि नाल्यांनी तो जागोजागी उघडा पाडलाय. पाठीएवढे गोल गोटे, कमरेएवढ्या पायऱ्या, मुरमाचे काठ, सगळं फुकट. भंडारा-गोंदियाकडे धानाच्या बांध्या जास्त, तिथं खडक शोधावा लागतो.

पण नाला फुकट असला तरी काठाची वावरं कुणाची तरी आहेत. आधी जाऊन विचारा. तूर उभी असताना धुऱ्यावरून चाक नेलं तर पुढची दहा वर्षं तुम्ही त्या शिवारात नकोसे. आणि जंगलाच्या हद्दीत अजिबात शिरू नका. मेळघाट, पेंच, ताडोबा सोडाच, साध्या राखीव जंगलातही परवानगीशिवाय गाडी घालणं १९२७ च्या वन कायद्यानं गुन्हा आहे. अभयारण्य असेल तर १९७२ चा वन्यजीव कायदाही लागतो. मी आमच्याच पडीक तुकड्यातून गेलेल्या नाल्यात चालवतो. गोटे हलवायला सब्बल नेतो, हात खाली घालत नाही. दगडाखाली विंचू असतोच, कधी घोणसही असते.

हंगामही पाहा. पावसाळ्यात रेगडी चाकाला अशी लपेटते की चाक मडगार्डमध्ये अडकून थांबतं. ट्रायल्सच्या टायरचे ठोकळे बुटके असतात, ते चिखल झटकत नाहीत. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा खरा काळ. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेल्यावर फक्त पहाटे.

पायरी तिसरी: टू आणि फोर यांतला फरक, आपल्या भाषेत

ज्यांनी राजदूत आणि सीडी हंड्रेड दोन्ही चालवल्या, त्यांना हे सांगायची गरज नाही. राजदूत टू-स्ट्रोक. पिस्टन दर फेऱ्याला पेटतो, रेस दिली की उसळते, रेस सोडली की मोकळी पळते, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं. सीडी हंड्रेड फोर-स्ट्रोक. दोन फेऱ्यांत एकदा पेटते, ऑइल वेगळं, डोक्यात व्हॉल्व्ह, आणि रेस सोडली की इंजिनच गाडी धरतं. राजदूत पाहिली नसेल तर घरचा फवारणीचा पेट्रोल पंप आठवा. बाटलीत टूटी ऑइल मोजून टाकतो, तोच प्रकार.

ट्रायल्सच्या दुनियेत हा झगडा जुना आहे. १९६० च्या दशकापर्यंत जड फोर-स्ट्रोकचं राज्य होतं. सॅमी मिलर या उत्तर आयर्लंडच्या खेळाडूनं आपली ५०० सीसीची एरियल सोडून स्पेनची हलकी टू-स्ट्रोक बुल्टाको घेतली, १९६५ ला स्कॉटलंडची सहा दिवसांची ट्रायल तिच्यावर जिंकली, आणि सगळे तिकडे वळले. मध्ये बेल्जियमच्या एडी लेजननं १९८२ ते ८४ अशी तीन वर्षं होंडाच्या फोर-स्ट्रोकवर जगज्जेतेपद नेलं. पुढं २००५ ला स्पेनच्या मोंटेसा कंपनीची कोटा फोर-आरटी आली, तीत होंडाचं फोर-स्ट्रोक इंजिन आणि कार्बोरेटरच्या जागी बॅटरीशिवाय चालणारं पेट्रोलचं इंजेक्शन. २००७ पासून स्पेनचा टोनी बाऊ याच घराण्याच्या फोर-स्ट्रोकवर जागतिक किताब जिंकत आलाय. पण यावरून 'फोरच भारी' असा निकाल काढू नका. बाऊला सायकल दिली तरी तो आपल्याला हरवेल, आणि बाजारात आजही बहुतेक ट्रायल्स गाड्या टू-स्ट्रोकच आहेत.

पायरी चौथी: फोर-स्ट्रोक नवख्याला का मानवते

एक प्रसंग सांगतो. आमच्या नाल्यात मुरमाचा एक उतार आहे, पुरुषभर उंच, खाली लगेच डावीकडे वळण. मित्राची टू-स्ट्रोक तिथं उतरवताना मी दोन्ही ब्रेक धरले, पुढचं चाक मुरमावर सरकलं आणि मी गाडीआधी खाली पोचलो. त्याच उतारावर माझी गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून रेस बंद केली, की ती उतरत्या बैलबंडीसारखी रेटा धरून, एकेक पाऊल टाकत उतरते. ब्रेकवर फक्त एक बोट. नवख्याच्या डोक्यात एका वेळी तीन-चार गोष्टी मावत नाहीत. इंजिननं त्यातली एक स्वतःकडे घेतली तर उरलेल्या शिकता येतात.

चढावरही तेच. फोर-स्ट्रोकचे ठोके लांब-लांब पडतात, दोन ठोक्यांच्या मध्ये टायरला दगड धरायला सवड मिळते. ओल्या गोट्यावर टू-स्ट्रोक जरा जास्त रेस मिळाली की चाक फिरवून मोकळी होते. नवख्याचा हात थरथरतो आणि फोर-स्ट्रोकला ती थरथर तितकीशी कळत नाही.

पेट्रोल मिसळायची भानगड नाही, ही सोय आपल्याकडे वाटते त्याहून मोठी आहे. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, आणि गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहिली की पाणी तळाशी बसतं. मिसळलेलं पेट्रोल कॅनमध्ये महिनाभर ठेवून दिलं तर काय होतं, हे फवारणी पंपाचा कार्बोरेटर साफ करणाऱ्याला विचारा. त्रास फोर-स्ट्रोकलाही होतो, त्याकडे शेवटी येतो.

आणि आवाज. टू-स्ट्रोकची कर्कश टर्र आख्ख्या शिवारात जाते. माझ्या गाडीचा आवाज मोटरपंपाच्या इंजिनासारखा, दबका. काकांची बैलजोडी पहिल्या दिवशी बुजली होती, आता मानही वर करत नाही.

पायरी पाचवी: आता तोटे, आणि हे नीट वाचा

पहिला तोटा वजन. फोर-स्ट्रोक साधारण पंचाहत्तर किलोच्या आसपास, तेवढ्याच ताकदीची टू-स्ट्रोक सहा-आठ किलोनं हलकी. कागदावर हा आकडा किरकोळ वाटतो. नाल्यात दोन गोट्यांच्या फटीत गाडी आडवी पडली, दुपारचे अकरा वाजलेत आणि ती पंधराव्यांदा उचलायची आहे, तेव्हा ते आठ किलो मोजता येतात. युरियाची पिशवी ४५ किलोची. पावणेदोन पिशव्या, त्याही धरायला जागा नसलेल्या, चढावर ढकलून पाहा. माझं वजन पंचाहत्तर, मला जमतं. पंधरा-सोळा वर्षांच्या किडकिडीत पोरासाठी फोर-स्ट्रोक घेऊ नका. त्याला सव्वाशे सीसीची टू-स्ट्रोकच हवी. जागच्या जागी उड्या मारायला शिकायचं असेल तरीही टू-स्ट्रोकच. ती झटक्यात उठते, फोर-स्ट्रोक आधी विचार करते.

दुसरा तोटा, बंद पडणं. एकदम कमी रेसवर टू-स्ट्रोक गुरगुरत राहते, फोर-स्ट्रोक काहीही न सांगता 'फट्' करून थांबते. बरोबर त्याच क्षणी तुम्ही चढाच्या मध्यावर असता. सेल्फ स्टार्ट बहुतेकींना नाही. उतारावर एक पाय हवेत, गाडी मागे सरकतेय आणि किक मारायची आहे, हा प्रसंग पहिल्या महिन्यात रोज येतो. यावर इलाज एकच, क्लच. दोन बोटं कायम क्लचवर, आणि चाकाची गती क्लचनं कमी-जास्त करायची.

तिसरा, उष्णता. पाणी थंड करायला रेडिएटर आणि पंखा असतो, पण बॅटरी नसलेल्या गाडीत इंजिन बंद झालं की पंखाही बंद. आपल्या उन्हात चालण्याच्या वेगानं तासभर राबवली की ती तापते, आणि तापलेली फोर-स्ट्रोक किक मारून मारून घाम काढते. अर्धा तास चालवा, लिंबाच्या सावलीत लावा, पाणी प्या.

चौथा तोटा सगळ्यात महाग: दुरुस्ती. टू-स्ट्रोकचं डोकं तालुक्याचा कुठलाही जुना मिस्त्री उघडतो. रिंग-पिस्टन टाकला की झालं. फोर-स्ट्रोकला व्हॉल्व्ह, कॅम, टायमिंग चेन. ती टिकते जास्त दिवस, पण उघडायची वेळ आली की खर्च तिप्पट, आणि पार्ट परदेशातून. ऑइलही भांडंभरच मावतं, लिटरभरही नाही, म्हणून ते लवकर काळं पडतं. स्प्लेंडरच्या सवयीनं दोन-तीन हजार किलोमीटरची वाट पाहू नका. इथं हिशेब तासांचा, आणि गाडीच्या पुस्तकात दिला असेल त्याच्याआधीच बदला. इंजिन आणि गिअरबॉक्सचं ऑइल वेगवेगळं असेल तर दोन्ही.

म्हणून गाडी घेण्याआधी मिस्त्री शोधा. फिलर गेजनं, म्हणजे पातळ पट्ट्यांनी, टॅपेटची (व्हॉल्व्हवरची) फट मोजणारा, अंदाजानं 'खटखट ऐकून' लावणारा नव्हे. तो सापडला नाही तर बाकी सगळे फायदे विसरा आणि टू-स्ट्रोक घ्या.

पायरी सहावी: दात पाहून घ्या

परदेशात नवी गाडीच आपल्या रुपयांत सात लाखांच्या वर जाते. त्यावर जहाजाचं भाडं आणि कस्टम ड्युटी. म्हणजे आपल्यासारख्याच्या वाट्याला येते ती कुणीतरी आधी आणलेली, वापरलेली. बाजारात बैल घेताना आपण त्याचा जबडा उघडून दात मोजतो, चालवून पाहतो, खांदा चाचपतो. मी बैल घेताना हे करतो. गाडी घेताना केलं नाही.

विकणारा लांबच्या शहरातला. मी पोचलो तेव्हा गाडी पुसून तयार, आणि इंजिन आधीच गरम. एका किकमध्ये सुरू झाली. मी खूश. घरी आणून दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनाला चाळीसेक किका मारल्या. मिस्त्रीनं टॅपेट मोजले तर गॅप जवळजवळ नाहीच. आधीच्या मालकानं एअर फिल्टर धुतलाच नव्हता. धूळ आत जाऊन इनटेक व्हॉल्व्हची बैठक घासली होती, व्हॉल्व्ह वर सरकला होता, आणि तो पुरता बंद होत नसल्यानं थंडीत कॉम्प्रेशन मिळत नव्हतं. पार्ट यायला दोन महिने लागले. "भाऊ, गरम गाडी म्हंजे पावडर लावलेली नवरी," एवढंच मिस्त्री बोलला.

तेव्हा, आदल्या रात्रीच सांगून ठेवा की इंजिन थंड ठेवा. पोचल्यावर आधी सायलेन्सरच्या मुळाशी हात लावून पाहा, गरम असेल तर बसून राहा. थंडीत सुरू करा, दहा मिनिटं चालवा, बंद करा, लगेच पुन्हा सुरू करा. दोन्ही वेळा चार-पाच किकांत उठली पाहिजे. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. ऑइलच्या काचेत दुधाळ रंग दिसला तर पाणी आत जातंय, परत फिरा. एअर फिल्टर काढून त्यामागच्या नळीत पांढरं फडकं फिरवा. फडक्यावर माती आली तर मी भोगलं ते तुम्ही भोगाल. पंखा सुरू होतो का, ते थांबून पाहा. मागचं चाक उचलून डावी-उजवीकडे हलवा, चाक धरणारा स्विंगआर्म खेळत असेल तर बेअरिंग गेलेले. खालच्या पत्र्यावर ओरखडे असणारच, पण तो आत दबून इंजिनाला टेकलाय का ते झोपून पाहा. आणि कस्टमचा कागद, फ्रेम नंबर जुळवून. कागद 'नंतर पाठवतो' म्हणणाऱ्याला पैसेही नंतरच पाठवा.

एवढे पैसे नसतील तर आणखी एक वाट आहे. मी शिकलो ते वडिलांच्या जुन्या सीडी हंड्रेडवर. आरसे, इंडिकेटर काढून, मागं मोठं स्प्रॉकेट टाकून, फक्त वावरात. तिच्या टायरात ट्यूब असते, म्हणून हवा फार कमी करू नका, टायर रिमवर सरकून ट्यूबचा व्हॉल्व्ह तुटतो. दगडावर चढत नाही, पण आठचा आकडा, क्लच आणि उभ्यानं तोल सांभाळणं हे तिनंच शिकवलं. हिरो एक्सपल्स चांगली गाडी आहे, पण ती दीडशे किलोच्या वर जाते. मेळघाटच्या रस्त्यावर मजा येईल, नाल्यातल्या पायरीवर नाही.

पायरी सातवी: पहिला महिना

हवा पहिली. ट्रायल्सच्या मागच्या टायरात फक्त चार-पाच पीएसआय, पुढं सहाच्या आसपास. सायकलच्या दुकानातलं गेज इतक्या खाली वाचतच नाही, कमी दाबाचं वेगळं घ्या. अंगठ्यानं दाबला की टायर दबला पाहिजे. मागचा टायर सहसा ट्यूबलेस असतो आणि बाभळीचा काटा त्याला सोडत नाही. पंक्चरच्या वाती आणि पायपंप पिशवीत असू द्या.

पहिला आठवडा दगडाकडे जाऊ नका. सपाट वावरात दोन विटा ठेवा, त्यांच्याभोवती आठचा आकडा, फक्त पहिल्या गिअरमध्ये. गाडी आत झुकेल, तुम्ही बाहेर राहा. गुडघे सैल, नजर चाकावर नाही, पुढच्या विटेवर. मग उतार. मग घोट्याएवढा दगड. गुडघ्याएवढ्याला मला चार महिने लागले.

हेल्मेट आणि घोटा झाकणारे बूट हवेतच. गाडीबरोबर मनगटाला बांधायची दोरी मिळते. हात सुटला की ती ओढली जाऊन इंजिन बंद होतं. ती न बांधता मी एकदाच चालवली. गाडी माझ्याशिवाय काठ चढून काकांच्या हरभऱ्यात गेली. आणि एकटं जायचं नाही. नाल्याच्या खोलगटात फोनला रेंज नसते आणि पाय गाडीखाली अडकला तर पंचाहत्तर किलो स्वतःवरून उचलता येत नाहीत.

चालवून आल्यावर फिल्टरचा फोम दर वेळी धुवायचा, वाळवायचा, फिल्टरच्या ऑइलमध्ये बुडवून पिळून बसवायचा. आपल्याकडच्या फुफाट्यात हा नियम मोडू नका. दोन फोम ठेवले की आळस करायला निमित्त उरत नाही.

जून लागला की टाकी पूर्ण रिकामी करा. कार्बोरेटरची गाडी असेल तर मग इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे कार्बोरेटरमध्ये पेट्रोल उरत नाही. जुनं ऑइल काढून नवं भरूनच उभी करा. गोठ्यात लावणार असाल तर एअर बॉक्सचं आणि सायलेन्सरचं तोंड फडक्यानं गच्च बंद करा. मागच्या दिवाळीत मी गाडी बाहेर काढली, तर एअर बॉक्समध्ये उंदरानं सरकी आणि कापसाचं घरटं केलं होतं, आत पाच पिल्लं.